भिंतीवर लावा आपल्या तालुक्याचा चित्रनकाशा

मैत्रिणींनो, मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकातला लातूर जिल्ह्याचा नकाशा कधी नीट पाहिलात का? लातूरहून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक बारीकसा ठिपका दिसेल. ते आपलं रेणापूर! पण त्या ठिपक्यात रेणुकादेवीचं देऊळ दिसत नाही. आठवड्याचा बाजार दिसत नाही. आणि रझाकारांच्या धास्तीनं रातोरात कुलपं लावून बाहेर पडलेली कुटुंबं तर मुळीच दिसत नाहीत.

ही उणीव भरून काढणारा एक प्रकार आहे, तो म्हणजे चित्रनकाशा. यात अंतरं काटेकोर नसतात, पण प्रत्येक जागी तिथलं चित्र असतं आणि शेजारी दोन ओळींची हकिकत. १९१४ साली मॅकडोनाल्ड गिल नावाच्या चित्रकारानं लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी असा गमतीदार नकाशा काढला. तो पाहत उभ्या राहिलेल्या लोकांच्या गाड्या चुकत, असं सांगतात. पुढं विलायतेत एकेका परगण्याचे असे नकाशे निघाले. त्यांत जुने वाडे, देवळं, पिकं आणि लढायांच्या जागाही असत. घरोघरी ते चौकटीत बसवून लावले गेले.

मग आपल्याकडं काय कमी आहे हो?

आधी आपल्या गावाचा पत्ताच घ्या. आपल्या रेणापूरचं एखाद्या सासुरवाशिणीसारखं झालं. माणूस तेच, नावापुढचं नाव मात्र बदलत गेलं! १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानातच होतो. १७ सप्टेंबर १९४८ ला सुटका झाली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. रेणापूर होतं बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाई तालुक्यात. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ते इकडं आलं, आणि १९९९ साली त्याचा स्वतःचा तालुका झाला. हे सगळं मुलांना तोंडी सांगून लक्षात राहत नाही. नकाशाच्या वरच्या काठावर पाच छोटे चौकोन करून लिहा, बघा कसं पटकन ध्यानात येतं.

काय काय दाखवाल?

मधोमध रेणा नदी निळ्या रंगात. तिच्याजवळ रेणुकाईचं देऊळ. एका बाजूला पानगाव, तिथलं कोरीव शिल्पांचं विठ्ठल मंदिर आणि बाबासाहेबांच्या अस्थी असलेला चैत्य, जिथं ६ डिसेंबरला दुरून माणसं येतात. एका कडेला लातूरची गंजगोलाई. जागा असेल तर औशाचा किल्ला, खरोशाची लेणी आणि उदगीरचा किल्ला. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं ते याच उदगीरला.

बार्शीहून लातूरला येणारी ती चिमुकली आगगाडी विसरू नका. अरुंद रुळांची ही गाडी १९११ साली लातूरपर्यंत आली. तिचं महत्त्व पुढं कळेल.

आता लढ्याचं पान

आजची हद्द काळ्या शाईनं काढा आणि १९४७ ची हद्द लाल तुटक रेघेनं. बार्शी-सोलापूर त्या रेघेच्या पलीकडं, स्वतंत्र भारतात. लातूर, रेणापूर, अंबाजोगाई अलीकडं. रेघ काढली की कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो. माणसं जीव मुठीत धरून बार्शीकडंच का गेली? कार्यकर्त्यांनी आपले कॅम्प सरहद्दीवरच का टाकले? उत्तर त्या लाल रेघेत आहे. बार्शीची गाडी ती रेघ ओलांडत होती!

रझाकारांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरला वकिली करणारा. आणि लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, मग अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकवत होते. एक इकडं, एक तिकडं, आणि मध्ये आपलं रेणापूर. नांदेडच्या बाजूला उमरी दाखवा. तिथली बँक ३० जानेवारी १९४८ ला कार्यकर्त्यांनी लढ्याच्या पैशासाठी लुटली. त्याच दिवशी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. १३ सप्टेंबरला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गावरून आत शिरली, तो रस्ता बाणानं दाखवा. पाच दिवसांत निजाम शरण आला.

नकाशात बाईमाणूसही हवं ना? कोपऱ्यात जालन्याकडं बोट करणारा बाण काढून लिहा: बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके. घोड्यावर बसून, बंदूक हाती घेऊन या लढ्यात उतरलेली बाई!

पण दगडाबाई एकच. बाकीच्या हजारो बायकांनी काय केलं? कुणी धान्य पेवात लपवलं, कुणी दागिने चुलीखाली पुरले, कुणी रात्री भाकरी बडवून रानात पोचत्या केल्या. ते कुठल्याच नकाशात नाही. ते आहे आपल्या घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या बायकांच्या डोक्यात. त्या वेळी दहा वर्षांची असलेली पोर आज नव्वदीला टेकली आहे. तेव्हा नकाशाचा कागद आणण्याआधी त्यांच्याजवळ जाऊन बसा.

काय विचाराल?

"आजी, तुम्हाला काय आठवतं?" असं विचारलंत तर उत्तर येईल, "काय आठवायचंय बाई, लई वर्षं झाली." म्हणून लहान लहान प्रश्न विचारा. घर सोडून कुठं गेलात? कशानं, गाडीनं का पायी? बरोबर काय घेतलं? धान्य कुठं ठेवलं? परत आल्यावर घर कसं होतं? हातात हाली सिक्का होता का, आणि त्यात काय मिळायचं? हाली म्हणजे निजामाचा रुपया. तो १९५९ पर्यंत चालत होता, म्हणून पुष्कळजणींना तो चांगला आठवतो. बोलताना मध्येच थांबवू नका, आणि डोळ्यांना पाणी आलं तर वही मिटा. उरलेलं पुन्हा कधीतरी.

आणखी एक. फक्त आपल्याच आळीत विचारू नका. शेजारच्या खालांकडंही जा. सैन्य आल्यानंतरचे दिवस कितीतरी मुसलमान कुटुंबांना फार वाईट गेले. ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता, अशांनाही. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या सरकारी समितीनं तेव्हा फिरून पाहिलं. कमीत कमी सत्तावीस ते चाळीस हजार माणसं गेली असावीत, असा त्यांचा अंदाज. सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते, आणि लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. हा अहवाल लोकांना पाहायला मिळाला तो थेट २०१३ साली. इतकी वर्षं तो कपाटात राहिला, पण घराघरांतल्या बायका ते दुःख गिळून जगल्याच ना? आपल्या नकाशात दोन्ही दारांतलं दुःख येऊ द्या. रझाकारांनी जाळलेलं घरही, आणि नंतर जळालेलं घरही. त्यानं १७ सप्टेंबरचा आनंद उणा होत नाही.

नकाशा कसा कराल?

पुस्तकातल्या नकाशावर पेन्सिलीनं एक-एक सेंटिमीटरचे चौकोन आखा. मोठ्या ड्रॉइंग पेपरवर तितकेच चौकोन पाच-पाच सेंटिमीटरचे आखा. लहान चौकोनात जी रेघ जशी जाते, तशीच मोठ्या चौकोनात काढा. चित्रकला येत नसली तरी जमतं. रंग मुलांना भरू द्या.

भरतकामाची हौस असेल तर मांजरपाटावर कार्बन पेपरनं छाप उतरवा. नद्या साखळीटाक्यानं, रस्ते उलट्या टिपेनं, जुनी हद्द लाल धाव्या टाक्यानं भरा. मांजरपाट आधी धुऊन घ्या, नाहीतर मागाहून आटतो. लाल दोऱ्याचा रंग जातो का, तेही चिंधीवर पाहून घ्या. चारी बाजूंनी जुन्या लुगड्याचा काठ लावलात तर चौकटीचा खर्चही वाचेल. खाली ज्यांनी हकिकती सांगितल्या त्यांची नावं, पण त्यांना विचारूनच हं.

महालक्ष्म्यांचा सण बऱ्याच वर्षी मुक्तिदिनाच्या आगेमागेच येतो. यंदाच्या आराशीत हा नकाशा मांडा. हळदीकुंकवाला आलेल्या बायका आपापल्या माहेरचं गाव शोधतील, "आमच्याकडं असं झालं होतं" म्हणून सांगू लागतील. जवळ पेन्सिल ठेवा आणि तिथल्या तिथं टिपून घ्या. मात्र आजींकडं आजच जा. पुढच्या वर्षी विचारू, असं म्हणू नका.