घरच्या किल्ल्यांची पेटी

म्हैसूर जिल्ह्यातील कृष्णराजनगर हे गाव फार जुने नाही. कावेरीकाठच्या येडतोरे या मूळ गावास पुराचा उपद्रव होऊ लागल्याने १९२० नंतरच्या दशकात ते नव्याने आखून वसविण्यात आले आणि त्यास महाराज चौथे कृष्णराज वडियार यांचे नाव देण्यात आले. नदीकाठच्या माणसास एक धडा शिकवावा लागत नाही. भांडीकुंडी पुन्हा घेता येतात. परंतु घरची सारी कागदपत्रे एकाच ट्रंकेत असली आणि तीच वाहून गेली, तर घर उभे असूनही निराधार होते.

आज ही ट्रंक डोळ्यांना दिसेनाशी झाली आहे. बँकेचे खाते, निवृत्तिवेतन, विजेचे बिल, मुलांचे प्रवेशअर्ज या प्रत्येकास निराळा पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द लागतो. इतके शब्द कोण लक्षात ठेवणार? म्हणून पुष्कळ घरी एकच शब्द सर्वत्र वापरला जातो. तो एका ठिकाणी चोराच्या हाती लागला की बाकीची दारेही आपोआप उघडतात.

यावर उपाय म्हणजे पासवर्ड मॅनेजर. ही किल्ल्यांची पेटीच होय. प्रत्येक खात्यासाठी लांबलचक, अर्थहीन परवलीचा शब्द ती स्वतः तयार करते व सांकेतिक रूपात जपून ठेवते. आपण लक्षात ठेवायचा तो केवळ पेटी उघडण्याचा एक मुख्य शब्द.

रचना उघडी, किल्ली गुप्त

अशा पेट्या अनेक आहेत. त्यांपैकी ‘ओपन सोर्स’ पेट्यांचा विचार कुटुंबाने प्रथम करावा. ज्या आज्ञावलीवर पेटी चालते ती कोणासही वाचता व तपासता येते, असा या शब्दाचा अर्थ. कुलपाची रचना जगजाहीर केली तर चोराचेच फावेल, अशी शंका येणे साहजिक आहे. परंतु १८८३ मध्येच ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषापंडिताने सांगून ठेवले की, सांकेतिक लिपीची रीत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहावी ती किल्ली.

उघड्या रचनेत दोष नसतातच असे नाही. २०२३ मध्ये ‘कीपास’ या जुन्या व प्रसिद्ध पेटीत एक दोष आढळला. संगणकाच्या स्मृतीची प्रत हाती आल्यास तिच्यातून मुख्य शब्दाचा बहुतेक भाग जुळविता येत असे. तो दोष जाहीर झाला आणि त्याच वर्षी पुढील आवृत्तीत दूर करण्यात आला. दोष लपून न राहता दुरुस्त होतो, हाच उघडेपणाचा लाभ.

पेटी घरी की पेढीवर?

सामान्य कुटुंबापुढे मुख्यतः दोन पर्याय येतात. पहिला ‘कीपासएक्ससी’. डॉमिनिक राइशल यांनी २००३ मध्ये आणलेल्या ‘कीपास’च्या वंशातील ही पेटी विनामूल्य आहे. तिची सारी माहिती एका फाइलमध्ये, आपल्याच संगणकावर राहते. ‘कीपासडीएक्स’ या अँड्रॉइड मोबाईलवरील साधनाने तीच फाइल उघडता येते. मात्र फाइलची प्रत वेळोवेळी दुसरीकडे काढून ठेवण्याचे काम आपले. संगणक बिघडला आणि प्रत नसली, तर येडतोरेच्या पुराची आठवण व्हावी.

दुसरा पर्याय ‘बिटवॉर्डन’. २०१६ मध्ये आलेल्या या पेटीतील माहिती आपल्या यंत्रावरच सांकेतिक होऊन कंपनीच्या संगणकावर साठविली जाते. त्यामुळे म्हैसूरचे वडील आणि पुण्याची लेक आपापल्या मोबाईलवर आपापली पेटी उघडू शकतात. रोजच्या वापरापुरती ती विनामूल्य आहे. मात्र परक्या पेढीवर ठेवलेली पेटी चोरीस जाऊ शकते, हे विसरू नये. २०२२ मध्ये ‘लास्टपास’ या ओपन सोर्स नसलेल्या सेवेतून ग्राहकांच्या सांकेतिक पेट्यांच्या प्रती चोरांनी नेल्या. ज्यांचा मुख्य शब्द दुबळा, त्यांना त्या चोरीचा धोका सर्वांत अधिक.

तेव्हा निवड कशी करावी? घरात एक संगणक आहे आणि दर महिन्यास प्रत काढणारे शिस्तीचे माणूस आहे, तर पहिली पेटी घ्यावी. माणसे निरनिराळ्या गावी आहेत आणि प्रत काढणे कोणाच्याच हातून होणार नाही, तर दुसरी बरी. निवड चुकली तरी चिंता नको. एका पेटीतील माहिती दुसरीत नेता येते. नेताना निर्माण होणारी उघडी फाइल मात्र काम होताच नष्ट करावी.

मुख्य शब्द आणि घरची माणसे

मुख्य शब्द म्हणून मुलाचे नाव वा जन्मतारीख कदापि नको. पाच फासे टाकून आलेल्या आकड्यांवरून ७,७७६ शब्दांच्या यादीतील एक शब्द निवडण्याची रीत आहे. असे सहा शब्द एकामागून एक घेतले, तर संभाव्य जोडण्यांची संख्या २२ वर २२ शून्ये इतकी होते. त्यांतील नेमकी जोडणी चोराने कशी ओळखावी?

परंतु खरी कसोटी चोराची नव्हे, घरच्यांची आहे. कर्ता पुरुष अचानक आजारी पडला आणि मुख्य शब्द त्याच्याच मनात राहिला, तर ही भक्कम पेटी त्याच्या पत्नीसही उघडणार नाही. तो शब्द पेटी बनविणाऱ्यांपाशीही नसतो. कोणत्या बँकेत ठेव आहे, विम्याचा हप्ता कोठे भरला जातो, हेच वारसांस ठाऊक नसते. अशा बेवारस ठेवींचा शोध घेता यावा म्हणून रिझर्व्ह बँकेस २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू करावे लागले.

म्हणून मुख्य शब्द कागदावर लिहून, पाकीट बंद करून, विश्वासाच्या दोन ठिकाणी ठेवावा व ते पाकीट कोठे आहे हे पतिपत्नी दोघांसही माहीत असावे. ‘बिटवॉर्डन’च्या सशुल्क योजनेत, ठरविलेली मुदत लोटल्यावर नेमलेल्या व्यक्तीस पेटी उघडून देण्याची सोय आहे. पेटीतच सर्व खात्यांची यादीही लिहून ठेवावी. अर्थात पेटी हे मृत्युपत्र नव्हे. खातेदाराच्या पश्चात त्याच्या पासवर्डने पैसे काढणे योग्य नाही. त्यासाठी बँकेत वारसाचे नामनिर्देशन केलेलेच हवे.

येत्या सुटीच्या दिवशी पतिपत्नींनी एकत्र बसून एक पेटी निवडावी आणि पहिली पाच खाती तीत नोंदवावी. मग ज्याने पेटी तयार केली त्याने बाजूस व्हावे आणि दुसऱ्याने केवळ पाकिटातील कागदाच्या आधारे ती उघडून पाहावी. ती उघडली, तर निवड योग्य झाली असे समजावे.