गणित ठेवायचे की जीवशास्त्र?

दहावीचा निकाल लागला की नागपूरच्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते: इंजिनिअरिंग की मेडिकल? अकरावीला विज्ञान शाखा घेणाऱ्या मुलापुढे मात्र आधी वेगळाच प्रश्न येतो. गणित ठेवायचे, जीवशास्त्र ठेवायचे, की दोन्ही?

गणित सोडले की व्हीएनआयटीसारख्या ठिकाणची बी.टेक. तर जातेच, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र आणि वास्तुशास्त्र यांच्या वाटाही बहुतेक ठिकाणी बंद होतात. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्सचे बायफोकल घेतले, तर 200 गुणांचा तो विषय दुसरी भाषा आणि आणखी एका विषयाची जागा घेतो. असा सुटणारा विषय बहुधा जीवशास्त्रच असतो. बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून उत्तीर्ण होऊन नीट देण्याची मुभा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2023 मध्ये दिली खरी, पण त्यात पुन्हा अभ्यास आणि परीक्षा आलीच. ज्याचे मन अजून ठरलेले नाही, त्याने भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र हे चारही विषय ठेवावेत. ओझे वाढते, तरी ते सोसण्याजोगे आहे.

मुलीला रसायनशास्त्र आवडते, एवढ्यावरही पदवी ठरवता येत नाही. नागपुरातच त्याच्या दोन वाटा आहेत. 1906 मध्ये व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स म्हणून सुरू झालेल्या आजच्या शासकीय विज्ञान संस्थेत बी.एस्सी. करताना एखादी अभिक्रिया का घडते, हे शिकायचे असते. डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून 1942 साली उभ्या राहिलेल्या आणि 2023 मध्ये विद्यापीठ झालेल्या एलआयटीत केमिकल इंजिनिअरिंग घेतले, तर तीच अभिक्रिया कारखान्यात टनावारी कशी घडवायची, हे शिकायचे. या दुसऱ्या वाटेवर पावलोपावली गणित लागते.

शिकवणीचे वर्ग आणि नावापुरते कनिष्ठ महाविद्यालय या 'टाय-अप'च्या सोयीत सर्वांत मोठा बळी जातो तो प्रयोगशाळेचा, आणि हे नुकसान पालकांच्या लक्षातही येत नाही. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात 100 पैकी 30 गुण प्रात्यक्षिकाचे असतात. पण प्रश्न गुणांपुरता नाही. ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण तापवून त्यात ब्युरेटमधून पोटॅशियम परमँगनेट थेंबथेंब सोडायचे. परमँगनेट गडद, म्हणून ब्युरेटचे वाचन पातळीच्या वरच्या कडेचे घ्यायचे. फिकट गुलाबी छटा टिकली की हात थांबला पाहिजे. एक थेंब जास्त पडला तर सगळे पुन्हा करावे लागते. हे काम आवडते की त्याचा कंटाळा येतो, ते मुलाला तिथे उभे राहूनच कळते. पदवी निवडताना याहून भरवशाची खूण दुसरी नाही.

मूलभूत विज्ञानाकडे ओढा असेल, तर 2006 पासून पुण्यात असलेली आयसर नागपूरकरांना फार लांब नाही. तिच्या प्रवेश परीक्षेत 60 प्रश्न असतात, चारही विषयांचे प्रत्येकी 15. गणित किंवा जीवशास्त्र सोडलेल्यांनाही ती देता येते, पण त्या 15 प्रश्नांची तयारी त्यांना स्वतःच करावी लागते. राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेत अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण 20 टक्के वाटा आहे. त्यामुळे अकरावीचे वर्ष विश्रांतीचे मानणाऱ्यांना बारावीत दोन वर्षांचा अभ्यास एकदम करावा लागतो.