धूर, औषधपाणी आणि राष्ट्राची संपत्ति

मनीषनगरांतील एका कुटुंबाची घरखर्चाची वही आपणांपुढें आहे, अशी क्षणभर कल्पना करूं. तींत दूध, किराणा, शाळेची फी यांबरोबर हिवाळ्यांत कांहीं ओळी वाढतात: दमेकरी आजोबांचा इन्हेलर, धाकट्याचें खोकल्याचें औषध, डॉक्टरांची फी. आजारी मुलापायीं वडिलांचा बुडालेला रोज मात्र तींत कोठेंच लिहिलेला नसतो. ह्या ओळींचा देशाच्या संपत्तीशीं कोणता संबंध आहे, तें येथें सांगण्याचा आमचा मानस आहे.

मनीषनगर नागपूरच्या दक्षिणेस आहे. उत्तरेस कोराडी व खापरखेडा येथें औष्णिक वीजकेंद्रें आहेत. कोराडीस ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच असून खापरखेड्याची शक्ति १३४० मेगावॉट आहे. वीज हवी, ह्यांत वाद नाहीं. परंतु आपल्याकडील दगडी कोळशांत १०० भागांपैकीं ३० ते ४० भाग राख असते. तींतील बहुतेक यंत्रांनीं अडविली जाते. अतिशय बारीक कण व गंधकयुक्त वायु निसटतात, आणि त्या वायूपासून पुढें हवेंतच आणखी कण बनतात. वाहनांचा धूर, बांधकामाची धूळ व जाळलेला कचरा ही भर तर आपण घरच्या घरींच घालितों. अडीच मायक्रॉनचा कण केसाच्या जाडीच्या सुमारें पंचविसाव्या हिश्श्याएवढा असतो. नाकास तो अडवितां येत नाहीं. तो फुप्फुसांच्या तळाशीं व तेथून रक्तांत शिरतो. म्हणूनच खोकल्याच्या जोडीला हृदयविकार आणि पक्षाघात यांचीहि गणना ह्या हिशेबांत करावी लागते. अशा कणांची वार्षिक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं घनमीटरास ५ मायक्रोग्रॅम ठरविली. आपल्या देशाची मर्यादा ४० आहे.

जुलै २०२२ मध्यें अतिवृष्टीनें कोराडीजवळील खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचा चिखल शेतांत व वस्तींत पसरला. विजेच्या बिलांत ह्या नुकसानीचा रकाना नसतो.

राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या रीतींत एक चमत्कारिक गोष्ट आहे. वीज विकली म्हणजे उत्पन्न वाढतें. तिच्या धुरानें आजारी पडून औषध विकत घेतलें, तरीहि तें वाढतेंच! श्रीमंत देश आरोग्यावर अधिक खर्च करितात हें खरें, परंतु खर्च वाढला म्हणजे आरोग्य वाढलें असें नव्हे. २०१९ सालीं प्रदूषित हवेमुळें भारतांत सुमारें १६ लाख ७० हजार मृत्यु झाले, आणि मृत्यु व आजारपण यांमुळें ३६८० कोटी डॉलरांचें, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या १·३६ टक्के इतकें, उत्पादन बुडालें, असें ‘लॅन्सेट’च्या एका नियतकालिकांत प्रसिद्ध झालेलें संशोधन सांगतें. औषधपाण्याचा खर्च त्याहून निराळा. देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकीं रुग्णांच्या खिशांतून थेट जाणारा भाग २०१३-१४ सालीं ६४·२ टक्के होता. २०२१-२२ सालीं तो ३९·४ टक्क्यांवर आला. ही सुधारणा खरी, तथापि हा भागहि लहान नव्हे. हे पैसे शिल्लकेंतून येतात. शिल्लक संपली कीं कर्जांतून. ज्या पैशांत मुलीचें पुढील शिक्षण व्हावयाचें किंवा दुकानांत नवें यंत्र यावयाचें, तो दवाखान्यांत जातो. राष्ट्राची वाढ खुंटते ती अशी, एकेका वहींतून.

हवा स्वच्छ ठेवण्याचा खर्च उद्योगांस झेपणार नाहीं, असा आक्षेप नेहमीं घेतला जातो. अमेरिकेंत १९९० सालीं ह्याविषयींचा कायदा कडक झाला. तेथील सरकारी खात्याच्या अंदाजाप्रमाणें २०२० सालापर्यंत त्याचा वार्षिक खर्च ६५०० कोटी डॉलरांवर, आणि वांचलेले प्राण व टळलेलें आजारपण धरून लाभ सुमारें २ लाख कोटी डॉलरांवर जावयाचा होता. ह्यांत प्राणांची किंमत पैशांत धरलेली आहे, हें आम्हांस रुचत नाहीं. परंतु अंदाज अर्ध्यानें चुकला तरी आक्षेप टिकत नाहीं.

आपल्याकडे डिसेंबर २०१५ मध्यें वीजकेंद्रांच्या गंधकयुक्त वायूवर मर्यादा घालण्यांत आली. दोन वर्षांची मुदत पुनःपुन्हां वाढविली गेली, आणि आपल्या कोळशांत गंधक कमी असतें इत्यादि कारणें देऊन जुलै २०२५ मध्यें बहुतेक केंद्रांस तो वायु धुण्याच्या यंत्रांतून सूट मिळाली. केंद्रांचा खर्च वांचला; घरखर्चाच्या वहींतील ओळी मात्र जेथल्या तेथेंच आहेत.