पाकीट उलटं करून बघा!



गटातून कर्ज घेताना आपण व्याज विचारतो, हप्ता विचारतो, मगच सही करतो. पण किराणा दुकानात पोरानं बोट दाखवलं की पाच रुपयांचं पाकीट लगेच हातात देतो. दोन मुलं, रोज एकेक पाकीट, म्हणजे महिन्याला 300 रुपये झाले की! एवढ्या पैशात काय पोटात जातं, ते बघायला नको का?

पाकिटाच्या पुढच्या बाजूला जाहिरात असते. खरी माहिती मागे, बारीक अक्षरात. तिथे या गोष्टी बघा:

1. घटकांची यादी. जे सगळ्यात जास्त घातलंय त्याचं नाव पहिलं, हा नियमच आहे. पुढे नाचणीचं चित्र आणि मागे पहिलं नाव 'रिफाइन्ड व्हीट फ्लोअर' असेल, तर ते मुख्यतः मैद्याचंच बिस्कीट. 'पाम ऑइल' म्हणजे पामतेल.

2. साखर. 100 ग्रॅममध्ये 'शुगर' किती, ते लिहिलेलं असतं. पाच ग्रॅम म्हणजे साधारण एक लहान चमचा. 25 ग्रॅम लिहिलं असेल तर पाच चमचे!

3. मीठ. पोषणाच्या तक्त्यात ते 'सोडियम' नावानं असतं. मोठ्या माणसानं दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. त्यात भाजी, लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. बीपी असलेल्यांनी जास्तच जपावं.

4. तारीख आणि 14 आकडी परवाना नंबर. हे नसेल तर पाकीट परत ठेवा.

हे सगळं बहुतेक वेळा इंग्रजीत असतं. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला वाचायला लावा. तिलाही कळेल.

बँकेच्या कामाला तालुक्याला गेलं की भूक लागतेच. तेव्हा वडापाव-भज्यांऐवजी पोहे, उसळ किंवा पिठलं-भाकरी मागा. वरून लिंबू पिळा, अन्नातलं लोह अंगी लागायला मदत होते. चहा मात्र जेवणाला लागून नको, तासाभरानं घ्या. चहामुळे लोह कमी शोषलं जातं, आणि आपल्यापैकी कितीजणींचं रक्त कमी आहे ते आपल्याला माहीतच आहे. पदार्थ वर्तमानपत्रात बांधून देत असतील तर नको म्हणा, छपाईची शाई अन्नात उतरते.

पाकीट कधीच आणू नये, असं नाही. सणावाराला, पाहुणे आले तर आणा. पण रोजच्या खाऊला शेंगदाणे-गूळ, फुटाणे, केळं, उकडलेलं अंडं द्या. त्या 300 रुपयांत एक किलो शेंगदाणे आणि एक किलो गूळ येतो का, तुमच्या बाजारभावानं हिशोब करा.

आपल्या दशसूत्रीत आरोग्यही आहे. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातलं एक रिकामं पाकीट आणा. सगळ्या मिळून वाचू, आणि कशात किती चमचे साखर निघते ते मोजू.