घरचा वायरमन आणि ओले हात

बटण बिघडलं किंवा पंख्याला वायर कमी पडली, की बहुतेक घरांतून एकच वाक्य ऐकू येतं, "एवढ्याशा कामाला वायरमन कशाला? मीच करतो की!" शेणव्यासारख्या गावात त्याला कारणही असतं. वायरमन बोलवायचा, त्याची वाट बघायची, वर त्याला पैसे मोजायचे. त्यापेक्षा पक्कड, टेस्टर आणि चिकटपट्टी घेतली की झालं! दिवा लागतोही. पण मैत्रिणींनो, दिवा लागला म्हणजे काम नीट झालं, असं मुळीच नाही.

घरचा वायरमन काम करतो ते कोरड्या हातांनी, पायात चप्पल घालून. त्या जोडाशी रोजची गाठ मात्र आपली. धुणं-भांडी करता करता आपण ओल्या हातानं बटण दाबतो, ओल्या लादीवर अनवाणी उभ्या राहून मिक्सर लावतो. कातडी ओली झाली, की विजेला होणारा तिचा अडथळा फार कमी होतो. त्यातून आपल्या शहापूर-मुरबाडकडचा पाऊस! भिंतीसुद्धा ओल धरतात.

नेहमीच्या चुका कोणत्या, ते बघा. बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या वायरीवर बसवलं, तरी दिवा लागतो आणि विझतो. पण बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज हजर असते. फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार घातली, की फ्यूज उडायचा थांबतो आणि भिंतीतली वायर तापू लागते. तीन पिनांच्या जागी दोन पिनांचा प्लग लावला, तर फ्रिज किंवा मोटरच्या पत्र्यात उतरलेल्या विजेला जमिनीत जायची वाट उरत नाही. मग ती हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते.

जून २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या दापोडी गावी, कपडे वाळत घालायच्या तारेत वीज उतरली आणि आई, वडील व मुलगा, असे एकाच घरातले तिघे गेले. म्हणून पत्र्यावरून किंवा लोखंडी खांबाला घासून वायर नेऊ देऊ नका. कपड्यांसाठी लोखंडी तार नकोच, नायलॉनची दोरी बांधा.

मग घरी काहीच करायचं नाही का? तसं नाही. बल्ब, फ्यूज, बटण जसंच्या तसं बदलायला कायद्याचीही हरकत नाही. अर्थात मेन स्विच बंद करूनच. पण नवीन पॉइंट काढणं, लाइन वाढवणं, वायरिंग बदलणं ही कामं परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायची, असं १९५६ च्या भारतीय वीज नियमांतच होतं, आणि आजच्या नियमांतही आहे.

वायरमन आला, की अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. "आमच्याकडे एमसीबी आहे," असं पुष्कळजणी म्हणतात. पण सहा अँपिअरचा एमसीबी म्हणजे ६००० मिलिअँपिअर! तो वायर जळण्यापासून वाचवतो. माणसाचा जीव घ्यायला शंभर मिलिअँपिअरही पुरतात. आरसीसीबी मात्र वीज भलत्या वाटेनं गळू लागताच क्षणात बंद पडतो. त्याचं 'टेस्ट'चं बटण महिन्याला एकदा दाबून बघावं. दाबल्यावर वीज गेली नाही, तर तो बिघडला आहे असं समजा.

आणि एवढं करूनही कुणी विजेला चिकटलंच, तर काळजावर दगड ठेवून हात मागे घ्या. मायेनं ओढायला गेलेलं माणूसही त्यात सापडतं. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल, तर कोरड्या लाकडावर उभं राहून कोरड्या बांबूनं वायर दूर सारा. रस्त्यावरच्या किंवा शेतातल्या मोठ्या लाइनची तार पडली असेल, तर बांबूसुद्धा नको. लांबच राहा आणि महावितरणला १९१२ वर कळवा. सुटका झाल्यावर श्वास बघा, १०८ ला फोन करा. माणूस उठून बसलं, तरी डॉक्टरांना दाखवाच.

या रविवारी एक काम करा. मेन स्विच कुठे आहे आणि तो कसा बंद करायचा, हे घरातल्या प्रत्येकाला दाखवा. सासूबाईंना आणि शाळकरी मुलांनासुद्धा. त्याच्यापुढे रचलेली तांदळाची पोती तेवढी आधी बाजूला करा, बरं का!