दीडशे रुपयांची तोफ

1854 साली विजापुरात एक सरकारी लिलाव झाला. साताऱ्याचे राज्य खालसा झाल्यानंतर हा मुलूख साताऱ्याच्या कमिशनरच्या अखत्यारीत होता, आणि बिनकामाचा पडून असलेला जुना सरकारी माल विकून टाकावा, असा त्याचा हुकूम होता. त्या मालात बुरुजावरची एक तोफही आली. बोली दीडशे रुपयांवर थांबली. मामलेदाराला ती रक्कम फारच किरकोळ वाटली. शिवाय आसपासचे लोक या तोफेला मानतात, हेही त्याला ठाऊक होते. त्याने वर कळवले, असिस्टंट कमिशनरने विक्री रद्द केली आणि तोफ जागेवर राहिली.

ती तोफ म्हणजे मुलूखमैदान. नाव विजापूरचे झाले, तरी तिचा जन्म नगरचा. आज अहिल्यानगर म्हटल्या जाणाऱ्या या शहरात, बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत, 1549 साली महंमद बिन हुसेन रूमी या तुर्की कारागिराने ती ओतली. लांबी साडेचार मीटरच्या आसपास, व्यास दीड मीटर, वजन साधारण 55 टन सांगतात. धातूत तांबे ऐंशी भाग आणि कथील वीस भाग, म्हणजे जवळपास घंटेचाच धातू. त्यामुळे तोफेवर टकटक केली की ती वाजते. तोंडाशी जबडा पसरलेला सिंह आहे आणि त्याच्या दातांत हत्ती सापडला आहे. ही तोफ निजामशाहीकडून परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि 1632 मध्ये आदिलशाहीच्या मुरार पंडिताने ती तिथून विजापूरला नेली. पुढे औरंगजेबाने विजापूर जिंकले, तेव्हा त्यानेही तिच्यावर आपला लेख कोरून घेतला.

मग अशा वस्तूची किंमत दीडशे रुपये कशी झाली? बोली लावणाऱ्यांना मूर्ख ठरवण्याचे कारण नाही. तांबे आणि कथील विकून काय सुटेल, एवढाच त्यांचा हिशेब असणार. इतका अवजड ठोकळा बुरुजावरून उतरवायचा, फोडायचा आणि बैलगाड्यांवर न्यायचा, तर खर्चच डोईजड. भंगार म्हणून पाहिले तर दीडशे ही वाजवी बोली होती. मामलेदाराने मात्र दुसऱ्या खात्यावर हिशेब मांडला, आणि जुन्या लष्करी शस्त्रांचा आजचा सगळा बाजार या दुसऱ्या खात्यावर चालतो. वस्तू कोणी घडवली, कधी, कोणासाठी, ती कुठून कुठे गेली आणि यातले किती सिद्ध करता येते, यावर आकडा ठरतो. मुलूखमैदानाच्या अंगावर तर घडवणाऱ्याचे नाव, राजाचे नाव आणि साल, तिन्ही कोरलेले आहेत.

नगर जिल्ह्याला अशा वस्तूंची वाण पडू नये, असाच त्याचा इतिहास आहे. 11 मार्च 1795 रोजी जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याजवळ मराठे आणि निजाम समोरासमोर आले. दोन्ही बाजूंना फ्रेंच सरदारांनी कवायत शिकवलेल्या पलटणी होत्या, म्हणजे जुन्या तोड्याच्या बंदुकांबरोबर युरोपीय धर्तीच्या चकमकीच्या बंदुकाही इथे कडाडल्या. पुढे आठ वर्षांनी आर्थर वेलस्लीने 8 ऑगस्ट 1803 रोजी नगरची पेठ घेतली आणि 12 ऑगस्टला भुईकोट किल्ला त्याच्या हाती आला. एवढी सैन्ये जिथून गेली, तिथल्या वाड्यांच्या माळ्यांवर आणि देवघरांत एखादी नळी, एखादा मोडका दस्ता, दारूचे शिंग सापडावे, यात नवल नाही.

नवल याचे, की ते इतके कमी का उरले. याचे एक कारण 1878 चा शस्त्र कायदा. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत झालेल्या या कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला. अनेक बंदुका सरकारजमा झाल्या, काही लपवल्या गेल्या, काही लोहाराकडे जाऊन पहारी आणि कोयते झाल्या. ज्या उरल्या, त्यांतल्या बऱ्याच खंडेनवमीच्या पूजेमुळे उरल्या. वर्षातून एकदा तेलाचा हात, गंधफूल, आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून खुंटीवर.

अशी गुंडाळी सोडल्यावर जाणकार आधी बार उडवण्याची तऱ्हा पाहतो. काळाचा पहिला अंदाज तिथे येतो. पेटती वात धरणारा वाकडा चिमटा असेल, तर ती तोड्याची बंदूक. वातीला जामगी म्हणत. ती रंजकाला, म्हणजे बार पेटवायच्या दारूला, टेकली की बार उडे. युरोपात हा प्रकार मागे पडल्यावरही आपल्याकडे तो एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकला, कारण गावचा लोहारही ती दुरुस्त करू शके. घोड्याच्या चोचीत गारेचा तुकडा बसवायची जागा असेल, तर चकमकीची. घोडा हातोडीसारखा बोथट असून खाली छोटी निपल असेल, तर टोपीची. ही साधारण 1840 नंतरची. नळीच्या तोंडातून दारू ठासायच्या या तिन्ही ठासणीच्या बंदुका. मागून काडतूस घालायच्या बंदुका लष्करात आल्या त्या 1857 च्या उठावानंतर. त्यातही इंग्रजांनी एक काळजी घेतली होती: गोऱ्या पलटणींना नवी मार्टिनी-हेन्री मिळाली, तेव्हा देशी शिपायांच्या हाती जुनी स्नायडरच ठेवली.

त्यानंतर ठसे. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकीच्या चापाच्या पट्टीवर आधी बदामाच्या आकाराची व्यापारी खूण असे. 1808 पासून तिच्या जागी मागच्या पायांवर उभा सिंह आला. म्हणून त्या दोन बोटांच्या जागेवरून बंदूक कोणत्या काळातली, ते कळते. सगळ्यांच्या ओळखीची ‘थ्री नॉट थ्री’, म्हणजे ली-एन्फिल्ड, तिच्यावरही अशीच कुंडली कोरलेली असते. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात बनलेल्या रायफलीच्या मानेवर मुकुट, त्याखाली जी.आर.आय. ही राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, साल आणि नमुना क्रमांक असतो. नळी, बोल्ट आणि शरीर यांवरचे अनुक्रमांक एकमेकांशी जुळले, तर ती रायफल कारखान्यातून जशी निघाली तशी आहे. जुळले नाहीत, तर दोन-तीन रायफलींच्या भागांतून एक जोडलेली आहे, आणि किंमत तिथेच घसरते.

सगळ्यात मोठे नुकसान मात्र घरचेच लोक करतात. पाहुण्यांना दाखवायची म्हणून नळी पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली जाते, दस्त्याला नवे वार्निश लागते, झिजलेला ठसा ‘स्पष्ट दिसावा’ म्हणून पुन्हा कोरला जातो. लोखंडावर दीडशे वर्षांत चढलेला तपकिरी काळसर थर हाच वयाचा पुरावा असतो. तो गेला, की खरी बंदूकही पर्यटकांच्या बाजारपेठांतल्या नव्याने केलेल्या ‘प्राचीन’ बंदुकांसारखी दिसू लागते. असली सजावटीची बंदूक ओळखणे तसे अवघड नाही. गंज सगळीकडे सारखा पसरलेला असतो, खऱ्या बंदुकीत तो हात लागणाऱ्या जागी झिजलेला असतो. पितळेची फुले खिळ्यांनी घाईत ठोकलेली असतात. आणि चकमकीचा घोडा ओढला, तर तो बहुधा कुठेच अडकत नाही.

पुराव्याने किंमत किती फिरते, याची दोन उदाहरणे लंडनच्या लिलावांतली आहेत. टिपू सुलतानच्या शस्त्रांचा एक मोठा संग्रह 2015 मध्ये बोनहॅम्सने विकला. त्यात तीन पौंडी गोळ्याची एक कांस्याची तोफ होती. तिला चौदा लाख पौंडांहून अधिक किंमत आली. एवढ्या आकाराची बेवारशी तोफ कोणी या भावाने घेणार नाही. टिपूच्या कारखान्याची खूण आणि श्रीरंगपट्टणच्या लुटीपर्यंत मागे जाणारा माग, यांचे ते पैसे होते. दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. एप्रिल 2025 मध्ये सदबीजच्या लिलावात नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार आली. पाते युरोपीय बनावटीचे, म्हणजे आपण ज्याला फिरंगी म्हणतो तसले. अशी पाती मराठी शस्त्रागारांत पुष्कळ होती. या पात्यावर मात्र सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघूजींचे नाव आणि ‘सेनासाहिब सुभा’ हा किताब आहे. महाराष्ट्र सरकारने ती सुमारे 47 लाख रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली.

हे आकडे ऐकून माळ्यावरच्या नळीला गिऱ्हाईक शोधायला निघणाऱ्याने आधी कायदा पाहावा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. त्यामुळे लंडनच्या लिलावातले भाव इथल्या मालकाला लागूच पडत नाहीत. नांगरताना किंवा पाया खणताना काही सापडले, तर 1878 चाच दुसरा एक कायदा, निखात निधीचा, पुढे येतो: दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाची पुरलेली वस्तू मिळाली, की जिल्हाधिकाऱ्याला कळवणे सापडणाऱ्याचे काम आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याने जुन्या बंदुकांना थोडी मोकळीक दिली आहे. बाद झालेल्या घडणीची, पुरातन मोलाची किंवा मोडकी, आणि दुरुस्त करूनही बार न उडणारी, अशा शस्त्राला परवान्याची सक्ती नाही. 2020 मध्ये नियम बदलले आणि ‘क्युरिओ’ ठरणारी लहान शस्त्रे संग्रही ठेवायला परवाना लागेनासा झाला. मात्र ती वापरायची, बरोबर न्यायची किंवा एका गावाहून दुसऱ्या गावी हलवायची, तर परवाना हवाच. आपली बंदूक यात बसते, हे मालकाने स्वतःच ठरवून टाकणे धोक्याचे आहे. ठासणीची चालू बंदूक शंभर वर्षांची असली, तरी ती चालूच.

नगरमध्ये जुनी लष्करी आयुधे बघायची सगळ्यात मोठी जागा खासगी संग्रहात नाही, लष्कराकडे आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने फेब्रुवारी 1994 मध्ये इथे रणगाडा संग्रहालय उघडले. रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट मोटारीवर पोलादी कवच चढवून केलेली लढाऊ गाडी इथली सर्वांत जुनी. व्हॅलेंटाइन, चर्चिल, शर्मन हे दुसऱ्या महायुद्धातले. जपानी हा-गो आणि जर्मनांची 88 मिलिमीटरची तोफ शत्रुपक्षाकडची. सेंच्युरियन, एएमएक्स-13, पीटी-76 आणि विजयंता आपल्या सैन्यातले. गर्दी होते ती पाकिस्तानकडून पकडलेल्या पॅटनभोवती. सप्टेंबर 1965 मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरच्या लढाईत पॅटन मोठ्या संख्येने बाद झाले, काही चालू स्थितीत हाती लागले. पोलादाच्या भावाने पाहिले तर पॅटन आणि शेजारचा कुठलाही रणगाडा सारखेच. तो कुठून, कोणाकडून आला, हे पाटीवर वाचून लोक थांबतात.

याच शहराजवळच्या के. के. रेंजवर आजही तोफांचा सराव चालतो, आणि भंगारासाठी तिथले गोळे गोळा करताना स्फोट होऊन माणसे दगावली आहेत. जुन्या बंदुकीलाही हा सावधपणा लागू आहे. ठासून ठेवलेला बार कित्येक वर्षे तसाच राहिलेल्या नळ्या संग्रहालयांना मिळालेल्या आहेत. म्हणून नळीत डोकावू नये, घोडा ओढून पाहू नये. सगळ्या बाजूंनी, ठशांसह, छायाचित्रे काढावीत. बंदूक घरात कोणाकडून आली, कोणते आजोबा कोणत्या पलटणीत किंवा कोणाच्या चाकरीत होते, हे घरातल्या वयस्कर माणसांना विचारून तारखेसह लिहून ठेवावे. सनद, निवृत्तिवेतनाचा कागद, जुना परवाना, काहीही असेल तर सोबत लावावे. हा सगळा कागद घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. बंदूक मात्र घरीच राहू द्यावी, पोलीस येऊन पाहतील.