जुनी बोलेरो, डोंगराची वाट आणि आपले गॅरेज

आठवडाभर दुकानाला आणि घरच्या माणसांना उपयोगी पडणारी गाडी रविवारी डोंगरातल्या कच्च्या वाटेवर न्यायची, हा शौक आता पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही. लहान शहरांतली तरुण मंडळीही जुनी बोलेरो, सुमो किंवा स्कॉर्पिओ घेतात आणि गॅरेजवर येऊन म्हणतात, "उस्ताद, हिला जरा उंच करा." शौक त्यांचा असला तरी काम आपल्याच बांधवांच्या हाती येते. मिस्त्री, वेल्डर, पाटेवाले, वायरमन, कुशनवाले अशा सर्वांच्या रोजीचा त्यात हिस्सा आहे. म्हणून हे काम कसे करावे आणि त्यात कोठे गोत्यात येण्याची भीती आहे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत. उदाहरण बोलेरोचे घेतो. ती इ. स. २००० पासून रस्त्यावर आहे आणि तिचे सामान पुण्याच्या नाना पेठेपासून मुंबईच्या कुर्ल्यापर्यंत सगळीकडे मिळते.

गिऱ्हाईक गाडी घेण्याआधी सल्ला विचारायला आले तर त्याला पहिली गोष्ट सांगावी ती ही, की बहुतेक घरगुती बोलेरो मागच्या दोन चाकांवरच चालतात. त्या फोर-बाय-फोर नसतात आणि मागाहून तशा करणे हा पैशाचा चुराडा आहे. दुसरी गोष्ट चेसिसची. कोकणात वापरलेली गाडी असेल तर खाली शिरून हातोडीने ठोकून पाहावे. खाऱ्या हवेने आतून पोखरलेली चेसिस वरच्या रंगाने झाकलेली असते.

आता टायर. अशा गाडीचा निम्मा फरक टायरनेच पडतो, असे आमचे मत आहे. बोलेरोचे ठरलेले माप २१५/७५ आर १५. त्याऐवजी २३५/७५ बसवा, अशी हौस अनेकांना असते. हिशेब करून पाहू. पहिल्या टायरचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर, दुसऱ्याचा सुमारे ७३३. म्हणजे गाडी उचलली जाते ती अवघी १५ मिलिमीटर! त्याच्या बदल्यात मीटर ८० दाखवते तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८३ ने धावते, चढावर क्लच जास्त ओढला जातो आणि चाक पूर्ण वळवले की घासण्याचा धोका असतो. त्यापेक्षा मूळ मापातच खडबडीत नक्षीचे, रस्ता आणि माती दोन्हींवर चालणारे टायर घालावेत. निव्वळ चिखलाचे मोठ्या खाचांचे टायर रोजच्या गाडीला नकोत. डांबरावर ते गुणगुणतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लांबतो. चिखलात हवा २० पौंडांच्या आसपास उतरवली की साधे टायरही चांगली पकड घेते. मात्र डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरलीच पाहिजे, म्हणून छोटा पंप गाडीत ठेवायला सांगावे.

पाट्यांचे काम सर्वांत जास्त मागितले जाते आणि सर्वांत जास्त बिघडवलेही जाते. मागे एक-दोन पाटे वाढवले की गाडी उंच दिसते, पण रिकामी असताना दगडासारखी उडते. मागच्या सीटवर घरातली वृद्ध मंडळी बसणार आहेत, याची आठवण गिऱ्हाइकाला मिस्त्रीनेच करून द्यावी. लांब शॅकल टाकून उचलले तर प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर जातो. चाक खाली लोंबले की ब्रेकचा होजपाइप ताणला जातो, तेही तपासावे लागते. शिवाय उंच गाडी घाटाच्या वळणावर कलंडायला सोपी. आमचा सल्ला असा, की थकलेले पाटे आणि शॉकअब नवे घातले की गाडी आपोआप आपल्या मूळ उंचीवर येते. बहुतेकांना तेवढे पुरते.

खरी उपयोगाची कामे स्वस्तातली आहेत. डिफरन्शियल तापलेले असताना गाडी ओढ्यात शिरली की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. ऑइल दुधाळ झाले की समजावे, पाणी गेले. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर नेली की हा धोका बराच टळतो. ओढण्याचा हूक चेसिसलाच बोल्टने कसावा, बंपरला वेल्ड करू नये. जोर लागून तो सुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा येतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार काढावी, नाहीतर नव्या गाड्यांचा कंट्रोल युनिट जळतो. जादा दिव्यांना रिले आणि फ्यूज हवाच.

कायद्याची बाजू मात्र कडक आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीवाचून बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. पुढे बसवायच्या लोखंडी गार्डवर कारवाई करण्यास केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच सांगितले. एअरबॅगच्या गाडीत तर ते गार्ड जिवावरच बेतू शकते.

जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्या बांधवांनी पुढचा भाग लक्षपूर्वक वाचावा. नियमबाह्य गाडी विकणाऱ्या विक्रेत्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड होऊ शकतो. पण त्याच कलमात अशी सूट आहे, की गाडीत काय नियमाबाहेर आहे ते समोरच्याला आधीच सांगितले होते, असे सिद्ध केले तर शिक्षा होत नाही. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल वर आणायला लावणाऱ्या प्रेषितांची (स.) शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथे कायदाही तेच मागतो. पण तोंडी सांगणे कोर्टात टिकत नाही.

आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रींनी गेल्या पावसाळ्यात तीन इंच उचलण्याचे काम नाकारले. गिऱ्हाईक रागावून दुसरीकडे गेले, परत आले नाही. त्या महिन्यात हात तंगच होता, हे ते लपवत नाहीत. आता मात्र ते प्रत्येक कामाचे बिल फोडून लिहितात, कोणता पाटा, कोणता टायर, कोठे वेल्डिंग, आणि खाली गिऱ्हाइकाची सही घेतात. काढलेले मूळ सामान गोणीत बांधून, वर गाडीचा नंबर लिहून, मालकाच्या ताब्यात देतात.